बहात्तर किलो, स्थिर

"हलू नकोस," त्रिशला म्हणाली, तेव्हा मला हसूच आलं. अकरा वर्षांच्या संसारात या बाईचा माझ्यावर एकच आरोप होता, तो म्हणजे मी हलत नाही. तिला तळेगावच्या कंपनीत नोकरी लागली, मी इचलकरंजी सोडली नाही. ती म्हणाली, मागांची शेड विकून टाकू. मी म्हणालो, बघू. दोन वर्षं माझं 'बघू' ऐकून ती एकटी निघून गेली. आणि आता मी पृथ्वीपासून साडेपाचशे किलोमीटर वर, एका लांबलचक काठीच्या टोकाला, कपाटाएवढ्या खोलीत पट्ट्यांनी भिंतीला बांधलेला असताना तीच तळेगावच्या कंट्रोल रूममधून मला सांगत होती की हलू नकोस.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पावणेदोन तास. झोका आपोआप बसेल. तेवढा वेळ श्वास सोडून दुसरं काही करू नकोस."

पावणेदोन तास म्हणजे काहीच नाही. आमच्याकडं लाइट गेली की माणसं यापेक्षा जास्त वेळ गप्प बसतात. मी समोरच्या यंत्रावरची पाटी वाचत पडून राहिलो. 'फिरत्या भागात हात घालू नये.' मी नेमका तिथंच हात घालून आलो होतो.

ती कथा अशी. 'विस्तार' हे आमचं स्थानक म्हणजे सूर्याची वीज गोळा करण्याचा पहिला मोठा प्रयोग. मध्ये हब, तिथं माणसं राहतात, आणि दोन्ही बाजूंना साडेतीनशे मीटर लांबीचे दोन हात. हातावर पापडापेक्षा पातळ सौर कापड ताणलेलं. हे हात रॉकेटमधून घडी करून वर आणले आणि इथं उलगडले. एका हातात चारशे बारा बिजागऱ्या. त्या तपासायच्या, अडल्या तर सोडवायच्या, हे माझं काम; माग दुरुस्त करता येतात म्हणून त्रिशला गेल्यावर त्याच कंपनीनं मलाही घेतलं होतं. हाताच्या टोकाला एक खोली आहे, दोन मीटर रुंद, त्यात कापड ताणणारा रूळ बसवलाय. हबमधून तिथं यायला हाताच्या अंगानं धावणारी एक बंद ट्रॉली. मला टोकाला सोडून ती परत हबकडे जाते. कापड रुळात अडकलं होतं, मी ते सोडवायला आलो, ते एकदम सुटलं आणि साडेतीनशे मीटरच्या हाताला हिसका बसला. हात डोलायला लागला. टोक, म्हणजे माझी खोली, चार मीटर इकडं आणि चार मीटर तिकडं. एक पूर्ण झोका चौऱ्याऐंशी सेकंदांचा.

असा झोका आवरायला हबमध्ये मोठी चाकं आहेत. ती उलट्या बाजूला फिरून हाताला रोखतात. पण चाकाला वेगाची हद्द असते. एवढा मोठा झोका आवरता आवरता चाकं हद्दीला पोचली आणि तिथंच अडून बसली. त्यांचा वेग उतरवायचा तर गॅसचे झोत सोडावे लागतात, आणि झोतानं हाताला आणखी एक हिसका बसला असता. म्हणून सगळ्यांनी हात टेकले आणि झोका आपोआप बसण्याची वाट बघायचं ठरलं. तो चाळीस सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत ट्रॉली सुटत नाही, नाहीतर वजनानं बिजागरी उघडायची भीती. बाहेर चालायचा पोशाख हबमध्ये. माझ्याजवळ एकतीस तासांची हवा होती.

पण पावणेदोन तास काही फार नव्हते.

आत नेमकं काय जाणवतं ते सांगतो. झोका मोठा असला तरी इतका संथ की अंगाला धक्का असा नाहीच. बेचाळीस सेकंद पट्टे एका बाजूला हलकेच ओढतात, कुणी बाही धरून चल म्हणावं तसं, आणि मग बेचाळीस सेकंद दुसऱ्या बाजूला. खिडकी ताटाएवढी. तिच्यातून पाऊण तास ऊन येतं, पाऊण तास अंधार. नाकाला खाज सुटली तर खाजवायचं नाही, कारण हात हलतो. पहिल्या तासात मी झोके मोजले. दुसऱ्या तासात मोजणं सोडलं, कारण मोजून काही उपयोग होत नव्हता.

पावणेदोन तास झाले. मी म्हणालो, "त्रिशला, सोडू का पट्टे?"

लाइन चालू होती, मला तळेगावच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"त्रिशला."

"थांब जरा," ती म्हणाली. "झोका तीन मीटर ऐंशीवर आहे."

"म्हणजे वीस सेंटीमीटर कमी झाला?"

"हो."

"दोन तासांत?"

"हो म्हटलं ना."

पावणेदोन तासांचा आकडा त्रिशलाच्या मॉडेलमधून आला होता, आणि मॉडेल म्हणजे काय, हे मी तिच्याकडूनच कधीतरी जेवताना शिकलो होतो. असा हात जमिनीवर तपासता येत नाही, कारण तो इतका हलका आणि लवचीक आहे की जमिनीवर उभा केला तर स्वतःच्याच वजनानं कोसळेल. म्हणून तो संगणकात बांधतात. त्याचे हजारभर तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि ताठपणा लिहायचा, आणि मग गणित सांगतं की धक्का दिला तर हे सगळं किती वेगानं आणि कसं डोलेल. त्रिशलाचं हे गणित चोख असतं. झोका चौऱ्याऐंशी सेकंदांचा असेल हे तिनं तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि सेकंदाचाही फरक निघाला नाही.

पण डोलणं थांबणार कधी, हा निराळा प्रश्न. आमच्या शेडमध्ये चोवीस माग धडधडायचे, त्यांनी अख्खी जमीन थरथरायची. लाइट गेली की क्षणात सगळं गप्प, कारण तो थरार जमीन गिळते, भिंती गिळतात, हवा गिळते. अवकाशात गिळणारं कुणी नाही. बिजागऱ्यांत आणि कापडात जे थोडं घासलं जातं तेवढंच. ते किती, हे गणितातून निघत नाही. ते मोजावं लागतं, आणि मोजायला जमिनीवर सोय नाही.

"मग तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"अर्धा टक्का."

"तो कुठून आला?"

"सगळे अर्धा टक्काच घालतात, जिनू." बऱ्याच दिवसांनी तिनं मला जिनू म्हटलं होतं, पण ते कान देऊन ऐकण्याची ही वेळ नव्हती. "मी माझ्या जुन्या सरांच्या अहवालातून घेतला. आत्ता त्यांना फोन केला. ते म्हणाले, त्यांनी त्यांच्या सरांकडून घेतला. आणि त्यांनी तो एका पुलाच्या कामातून घेतला होता."

"पुलाच्या."

"हो."

आई भाजीत मीठ घालते तसा हा आकडा, अंदाजानं. फरक इतकाच, की आई चाखून बघते. खरं गिळणं अर्ध्या टक्क्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं निघालं. म्हणजे पावणेदोन तास नव्हे, पंच्याऐंशी. माझ्याजवळ एकोणतीस तास उरले होते. हा हिशेब आम्ही दोघांनी एकाच वेळी केला असणार. मला भीती वाटली. साधी, जनावराला वाटते तशी भीती.

मग लाइनवर पुराणिक साहेब आले. हे तळेगावचे प्रमुख. गोड बोलणारा माणूस, वाईट बातमीही पेढा दिल्यासारखी देतो. "चौगुले, आम्ही सगळे मार्ग बघतोय. तुम्ही फक्त स्थिर राहा. गोठवलेल्या मॉडेलप्रमाणे टोकाला स्थिर वजन गृहीत आहे, त्यात बदल नको."

हे 'गोठवलेलं' प्रकरण सांगायला हवं. कंपनीची रीत आहे, की मॉडेल पूर्ण झालं की ते गोठवायचं. ज्यानं बांधलं त्यानं सही करायची, सगळ्यांना पेढे वाटायचे, आणि नंतर ब्रह्मदेव आला तरी त्यातला आकडा बदलायचा नाही. वर कुणी कुठं जायचं, किती वेळ थांबायचं, ट्रॉली केव्हा सुटायची, हे सगळे परवाने त्या मॉडेलवर उभे असतात. ते पुन्हा उघडायचा अधिकार एकट्या सही करणाऱ्याला. उघडलं की सगळे परवाने त्या क्षणी रद्द, आणि नियमाप्रमाणे माणसं हबमध्ये परत. पण आजवर कुणी उघडलेलं नाही. उघडणं म्हणजे माझी सही चुकीची होती असं चार लोकांत म्हणणं, आणि तसं म्हणणाऱ्याची सही पुन्हा कोण घेणार? त्रिशलाच्या सहीचे पेढे मीही खाल्ले होते. कंदी होते.

तीन तास गेले. चार गेले. मी बांधलेलाच. पाय सुन्न झाले, मग पायांना मुंग्या आल्या, मग तेही थांबलं. अण्णांची आठवण येत होती. माझे वडील इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. वरच्या मजल्यावरच्या एका शेडमध्ये त्यांनी कधी सगळे माग एकदम सुरू करू दिले नाहीत. एक सुरू करायचे, खांबाला तळहात लावून थांबायचे, मग दुसरा. मालक ओरडायचा, वेळ जातोय. अण्णा म्हणायचे, "सगळी एकदम एका बाजूला पळाली तर स्लॅब कुठं जाईल?"

साधारण सहाव्या तासाला मला ते सहन होईना. झोका तीन मीटर चाळीस. त्रिशला दर दहा मिनिटांनी तेच विचारायची, ठीक आहेस का, हललास का. ठीक आहे, नाही हललो. पुराणिक साहेबांनी माझ्या आईला फोन करून सगळं सुरळीत आहे असं सांगितल्याचं कळलं, आणि माझं डोकं फिरलं. मी पट्टे सोडले. कारण काही नाही, राग आला म्हणून. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. पिंजऱ्यात जे होतं ते. चार मिनिटं असं केलं असेल.

"जिनू," लाइनवरून आवाज आला. "काय करालायस तू?" कंट्रोल रूममध्ये त्रिशला पुस्तकी बोलते. रागावली की थेट इचलकरंजीची होते, तिकडच्या बायकांसारखी 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. "पट्टे सोडलास? गप बांधून घे. मी सांगालोय तुला."

"तुला कसं कळलं?"

"झोका वाढलाय. पाच सेंटीमीटर. मला आलेख दिसतोय की."

मी भिंतीला धरून थांबलो.

"किती म्हणालीस?"

"पाच. बांधून घे म्हटलं ना."

"माझ्यामुळं?"

"मग काय माझ्यामुळं? तू झोक्याच्या तालात गेलास, झोका वाढला. म्हणून तर हलू नको म्हणालोय सकाळपासनं."

"त्रिशला, ऐक," मी म्हणालो. "माझ्यामुळं वाढतो, तर माझ्यामुळं कमी का होणार नाही?"

मला पंखा ऐकू येत होता, आणि मग कळफलकाचा आवाज, खूप वेगानं. ती रागावून उठून गेलेली नव्हती एवढं कळलं. चार मिनिटं गेली, म्हणजे तीन झोके.

"मी तुला स्थिर धरलं होतं," ती शेवटी म्हणाली. आवाज बदलला होता.

"म्हणजे?"

"मॉडेलमध्ये. टोकाला रूळ, इतके किलो, स्थिर. बॅटऱ्या, इतके किलो, स्थिर. माणूस, बहात्तर किलो, स्थिर." ती थांबली. "माझ्या डोक्यातच आलं नाही, की माणूस हलतो."

मी यावर बरंच काही बोलू शकलो असतो. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. पण हवा मोजकी होती.

"आत्ता कॉपीत बदलून बघितलं," ती म्हणाली. "तू नीट हललास तर एका झोक्याला दोन सेंटीमीटर कमी होतोय. पावणेचार तास लागतील. नियम एकच. खोली जिकडं निघाली असेल, त्याच्या मागच्या भिंतीशी तू असायचं. हळू जायचं. उडी मारायची नाही, हाताला हिसका बसता कामा नये. आणि ताल चुकला तर कमी व्हायच्या जागी वाढेल."

"तू सांग, मी जातो."

"जा आता. उजवीकडं. हळू."

असं आमचं सुरू झालं. ती म्हणायची उजवीकडं, मी कडी धरत धरत बेचाळीस सेकंदांत उजव्या भिंतीला पोचायचो. ती म्हणायची डावीकडं, मी डावीकडं. मागातला धोटा सूत घेऊन इकडून तिकडं जातो तसा, फक्त सावकाश. अण्णा असते तर म्हणाले असते, पोरानं धंदा सोडला पण धंद्यानं पोराला सोडलं नाही. तीन मीटर वीस. तीन मीटर. दोन ऐंशी. प्रत्येक आकडा ती अशी वाचायची, जणू दहावीचा निकाल आहे. दंड भरून आले, तळहातांची सालं निघाली. तरी मला त्या कोंडीत पहिल्यांदाच बरं वाटत होतं, हे कबूल करतो. दोन वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो, भले ते उजवीकडं आणि डावीकडं एवढंच असलं तरी.

मीटर-सव्वामीटरवर असताना ती म्हणाली, "जिनू, अकरा मिनिटं लाइन जाणार आहे. मधला उपग्रह क्षितिजाखाली चाललाय."

"मग?"

"घड्याळावर बेचाळीस सेकंद मोज. चुकलास असं वाटलं तर थांब, काही करू—" आणि लाइन गेली.

मी मोजत गेलो. पाच-सहा खेपा बरोबर गेल्या असतील. मग घाम डोळ्यांत गेला, डोळे पुसले, आणि घड्याळाकडं बघितलं तर आता उजवीकडं जायचं होतं की डावीकडं तेच आठवेना. खोली बंद. ताटाएवढ्या खिडकीत नुसता अंधार. झोका आता इतका लहान झाला होता, की पट्ट्यांची ती ओढही जाणवली नसती; खोली कुठल्या बाजूला चाललीय हे आतल्या माणसाला कळायला काही मार्ग नाही. चुकीच्या बाजूला गेलो तर केलेलं सगळं उलटं होणार, आणि थांबलो तर हवा जाणार. मी दोन्ही भिंतींच्या मध्ये कडीला लटकून राहिलो. आयुष्यात इतका एकटा मी कधीच नव्हतो.

खिशात एक नट होता, सकाळी रुळातून काढलेला. तो काढला आणि खोलीच्या मध्यावर हवेत अलगद सोडला. नट कशालाच बांधलेला नव्हता. खोली डोलत होती, नट डोलत नव्हता. म्हणून मला असं दिसलं, की तो आपोआप, हळूहळू, डावीकडं सरकायला लागला. अण्णा खांबाला हात लावून जे ओळखायचे, ते मला हा नट सांगत होता. मी डोकं शांत ठेवून त्रिशलाचा नियम आठवला. खोली डाव्या टोकाशी थबकून परत फिरते, तेव्हा सुटी वस्तू डावीकडं राहते. आणि त्याच वेळी मला डावीकडं निघायचं असतं, म्हणजे खोली उजवीकडं जोरात जाईल तेव्हा मी डाव्या भिंतीशी असेन. म्हणजे नट जाईल तिकडं मीही जायचं, त्याच्यापेक्षा संथ. एवढं सोपं.

मी नटाच्या मागं निघालो. तो भिंतीला लागला की उचलायचा, मध्ये सोडायचा, बघायचं, जायचं.

लाइन आली तेव्हा त्रिशलाचा श्वास आधी ऐकू आला. "शहाण्णव," ती म्हणाली. "शहाण्णव सेंटीमीटर. कसं केलंस?"

"नटाला विचारलं."

"काय?"

"नंतर सांगतो. मोज तू."

झोका चाळीसच्या आत आला तेव्हा खिडकीत ऊन होतं. हबवरचा थॉमस हिंदीत काहीतरी ओरडला, हिरवा दिवा लागला, आणि ट्रॉली निघाल्याचं कळलं. पंचवीस मिनिटांचा रस्ता. मी हत्यारं पिशवीत भरली, नट खिशात टाकला, दाराशी जाऊन बसलो. पंचवीस मिनिटांत माणूस काय काय ठरवतो. मी पहिल्यांदा आईला फोन करायचं ठरवलं. मग दुसरंही एक ठरवलं, पण ते सांगायला तोंड हवं होतं.

ट्रॉली येऊन टेकली. दार उघडलं. आत बसायला जागा नव्हती. हवेच्या टाक्या रचल्या होत्या, एकावर एक, आणि खाण्याची पाकिटं, पाण्याच्या पिशव्या. परतीच्या खटक्यावर लाल दिवा होता.

"चौगुले," पुराणिक साहेब म्हणाले, "तुम्ही आज कंपनीचं नाक राखलंत. मनापासून अभिनंदन."

"साहेब, ट्रॉलीत सामान आहे."

"हो. ते उतरवून घ्या. असं आहे, चाकं अजून अडलेली आहेत. ती मोकळी करायला झोत सोडावे लागतील, तेव्हा हात पुन्हा डोलेल. टोकाला आवरायला कुणी नसेल तर कापड फाटेल, आणि मग हा प्रकल्प संपलाच. तुम्ही तिथं आहात तोवर झोका ताब्यात राहतो. तुमच्या सौभाग्यवतींच्याच गणितानं ते सिद्ध केलंय. आठ-दहा दिवस. परवाना मी देतो, गोठवलेल्या मॉडेलनुसार टोकाला माणूस ठेवायला मुभा आहेच. पुढं आम्ही त्या जागेसाठी रीतसर पाळ्या लावू. दोन्ही हातांना."

मला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. मी मोकळा होण्यासाठी जे केलं, तेच आता माझं काम झालं होतं. टोकाच्या खोलीत एक माणूस बसवायचा, त्यानं उजवीकडून डावीकडं जायचं, डावीकडून उजवीकडं. माझ्यानंतर आणखी कुणी. यंत्रापेक्षा स्वस्त. मी टाक्यांकडं बघत राहिलो. हवा आता हवी तेवढी होती, आणि माझा श्वास कोंडत होता.

"मी नाही म्हणालो तर?"

"तुम्ही नाही म्हणू नये," पुराणिक साहेब गोड आवाजात म्हणाले. "खटका इकडून उघडतो."

त्यांनी हे सांगितलं तेव्हा लाइनवर त्रिशला होती, हे मला माहीत होतं. पंखा ऐकू येत होता. मी तिला हाक मारली नाही. तिचं सगळं आयुष्य त्या सहीत होतं. नोकरी, नाव, आणि ज्यासाठी तिनं मला सोडलं ते सगळं. ते मोड असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? ती मागत होती तेव्हा मी स्वतः एक शेड सोडली नव्हती.

"साहेब," तिचा आवाज आला. "गोठवलेलं मॉडेल कुणाच्या सहीचं आहे?"

"तुमच्या. त्याचं काय?"

"मी ते उघडते आहे."

कुणीतरी खुर्ची सरकवली. "त्रिशलाताई, घाई करू नका. अर्थ कळतोय ना तुम्हाला? तुमच्या हातचं एकही काम यापुढे कुणी—"

"त्यात अर्धा टक्का लिहिलाय. तो मी मोजला नव्हता. कुणीच मोजला नव्हता. तो एका पुलाचा आहे." ती प्रत्येक वाक्य सुटं करून, नोंद व्हावी असं बोलत होती. "आणि त्यात माणूस स्थिर वजन म्हणून लिहिलाय. तेही चूक आहे. या मॉडेलवर कुणाला टोकाला ठेवता येणार नाही. मी सही मागे घेते."

"कापड फाटलं तर?"

"फाटेल," ती म्हणाली.

कळफलकाचा एकच ठोका ऐकू आला. मग स्थानकाचा तो यांत्रिक आवाज, ज्याला आम्ही सगळे कंटाळलो होतो, तो एकेक परवाना रद्द झाल्याचं सांगू लागला. कापड ताणणे, रद्द. टोकावरील मुक्काम, रद्द. सर्व व्यक्तींनी हबमध्ये परतावे. माझ्यासमोरचा लाल दिवा विझला आणि हिरवा लागला. मी टाक्या खोलीत ढकलायला सुरुवात केली. बारा होत्या.

"जिनू," ती म्हणाली. आता आवाज कापत होता, आणि तिनं तो लपवला नाही. "तुला मॉडेलातनं काढून टाकलाय मी. ये आता."

मी ट्रॉलीत बसलो. दार लागलं. टोकाची खोली मागं पडायला लागली, टाक्यांनी भरलेली, आता नुसतंच वजन. तळेगावच्या खोलीत कुणीकुणी बोलत होतं, पुराणिक साहेबांचा आवाज लांबून येत होता. त्रिशला लाइनवरच होती. त्यांनी तिला अजून खुर्चीतून उठवलं नव्हतं.

"नोकरी गेली का?" मी विचारलं.

"बहुतेक."

"मग इचलकरंजीला येणार?"

"नाही," ती म्हणाली. "तिथं काय आहे? शेड तरी आहे का?"

"नाही. विकली मी. वर यायच्या आधीच. तुला सांगायचं राहिलं."

ट्रॉली बिजागऱ्यांवरून टकटक करत चालली होती. एकशे दहा, एकशे अकरा.

"खाली आलो की तुझ्याकडं येतो," मी म्हणालो. "तू म्हणशील त्या गावाला. सामान फार नाही."

"बघू," ती म्हणाली. माझाच शब्द, माझ्याच सुरात. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पाणी खाली पडलं नाही, तिथंच गोळा होऊन राहिलं.

"पट्टा बांधलास का?" तिनं विचारलं.

"बांधला."

"मग आता हबपर्यंत अजिबात हलू—" ती म्हणाली, आणि मध्येच थांबली.

पंखा ऐकू येत होता. मी वाट बघितली.

"नीट ये," ती म्हणाली.